गाठ लग्नाच्या आधीची

माझ्या मावशीला गेल्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर निघाला, वय अठ्ठावन्न, गाठ दोन सेंटीमीटर. ऑपरेशन होऊन ती घरी यायच्या आत सोसायटीतल्या बायकांनी कारण शोधून ठेवलं होतं, "सुनेने टेन्शन दिलं ना, दुसरं काय!" मुलाचं लग्न होऊन जेमतेम दोन वर्षं झालीयेत, आणि सून बिचारी रोज डबा घेऊन हॉस्पिटलला. मला इतका राग आला की म्हटलं आता यावर लिहायचंच.

टेन्शनने कॅन्सर होतो ही समजूत आजची नाही. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन म्हणायचा की उदास स्वभावाच्या बायकांना हा रोग जास्त होतो, त्याच्या मते शरीरातलं काळं पित्त वाढून गाठ बनायची. काळं पित्त गेलं, त्याच्या जागी टेन्शन आलं, बाकी वाक्य तेच.

आता माझा आवडता भाग, गाठीचं वय. गाठ एका पेशीपासून सुरू होते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, असं दहा वेळा झालं की 1,024 पेशी होतात. वीस वेळा दुप्पट झाल्या की साधारण 10 लाख, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढं काहीतरी, जे हाताला लागणं शक्यच नाही. तीस वेळा झाल्या की 107 कोटी, आणि तेव्हा कुठे गाठ हरभऱ्याएवढी, एक सेंटीमीटरची होते. गंमत बघा, तीसपैकी वीस पायऱ्या ती खसखस होण्यातच घालवते. एका सेंटीमीटरची दोन सेंटीमीटर व्हायला मात्र फक्त तीन पायऱ्या लागतात, कारण व्यास दुप्पट म्हणजे आकारमान आठपट (दोनाचा घन, शाळेत केलंय). म्हणून "परवापर्यंत काही नव्हतं हो, एकदम वाढली" असं वाटतं. मावशीच्या गाठीच्या झाल्या तेहतीस पायऱ्या. एका पायरीला किती दिवस? हे गाठीगाठीवर असतं, काही आठवड्यांपासून वर्षापेक्षा जास्तही, पण शंभर ते दोनशे दिवस हा नेहमी दिसणारा आकडा. दीडशे धरले तर 33 गुणिले 150, म्हणजे 4,950 दिवस, साडेतेरा वर्षं! हिशोब ढोबळ आहे हे मान्य, सुरुवातीला वेग जास्त असू शकतो, पेशी मरतातही, पण अर्धा केला तरी सून तेव्हा कॉलेजात होती. हिरोशिमा-नागासाकीत रेडिएशन लागलेल्या मुलींमध्येही ब्रेस्ट कॅन्सर वाढलेला दिसला तो दहा-दहा वर्षं उलटून गेल्यावर.

मग लोकांना टेन्शनच का आठवतं? कारण आजार कळल्यावर माणूस मागे वळून कारण शोधतो, आणि मागच्या दोन वर्षांत काहीच वाईट झालं नाही असं कोणाचं आयुष्य असतं? म्हणून नंतर विचारून केलेल्या अभ्यासांवर फार भरवसा ठेवता येत नाही, आधी विचारून ठेवावं लागतं. फिनलंडमध्ये तसं केलं, 10,808 बायकांकडून 1981 मध्ये आधीच्या पाच वर्षांतल्या घटना लिहून घेतल्या आणि 1996 पर्यंत वाट बघितली. घटस्फोट किंवा नवरा वारणं यानंतर धोका दुपटीच्या आसपास निघाला. झालं, हेडलाइन तयार! पण कॅन्सर झालेल्या एकूण बायकाच 180, त्यातल्या घटस्फोटित किती असणार? पुढे ब्रिटनमध्ये लाखभर बायकांचा अभ्यास झाला, 2016 साली आला, त्यात एकंदरीत काहीच संबंध दिसला नाही. आणि कोपनहेगनच्या 2005 च्या अभ्यासात तर उलटंच, जास्त टेन्शनवाल्या बायकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सर कमी! एक अंदाज असा की सततच्या ताणाने इस्ट्रोजेन, म्हणजे ब्रेस्ट कॅन्सरला खतपाणी घालू शकणारं बायकांचं हार्मोन, कमी बनत असेल. म्हणून कोणी "टेन्शन घ्या" सांगत नाही ना?

तरी ताणाला पूर्ण क्लीन चिट देता येत नाही. 2010 मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी ब्रेस्ट कॅन्सर असलेले उंदीर रोज थोडा वेळ अरुंद जागेत कोंडून ठेवले. मूळ गाठ फारशी वाढली नाही, पण दुसरीकडे पसरणं जवळपास तीसपट झालं. ताणात नसांमधून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन नावाचं रसायन सुटतं, ते पेशींवरच्या बीटा रिसेप्टर नावाच्या खाचेला चिकटतं, त्याने मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी गाठीत ओढल्या जातात आणि त्या कॅन्सरच्या पेशींना बाहेरची वाट करून देतात. प्रोप्रॅनोलॉल ही ब्लडप्रेशरची जुनी गोळी हाच बीटा रिसेप्टर अडवते, ती दिली की हे थांबलं. उंदरांत हं, माणसांत नाही, लगेच मेडिकलमध्ये जाऊ नका. पण सुरू होणं वेगळं आणि पसरणं वेगळं, एवढं यातून कळतं.

एवढं सगळं सोडून "निगेटिव्ह विचारांनीच गाठ होते, पॉझिटिव्ह एनर्जीने विरघळते" असले कोर्स विकणारे आहेतच, फी बघून मात्र खरंच टेन्शन येतं. त्यापेक्षा मुंबईत टाटा हॉस्पिटलने वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांवर वीस वर्षं केलेलं काम बघा, प्रशिक्षण दिलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी नुसती हाताने तपासणी केली, मशीन नाही, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमधले मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले.

हा 33 गुणिले 150 चा हिशोब मी मावशीला कागदावर करून दाखवला. तिने तो घडी घालून पर्समध्ये ठेवला, सोसायटीच्या हळदीकुंकवाला नेणार आहे म्हणे.