खूण कोणी केली?

ओपन वर्ल्ड रोलप्लेइंग गेम, म्हणजे मोकळ्या जगात हिंडत एका पात्राची भूमिका जगायचा व्हिडिओ गेम, खेळणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: ‘क्वेस्ट मार्कर बंद कर, म्हणजे खरी भटकंती सुरू होईल.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण दोन निराळ्या गोष्टी तो एकाच गाठोड्यात बांधतो. क्वेस्ट म्हणजे गेमने दिलेलं काम, आणि मार्कर म्हणजे त्यासाठी जिथे जायचं ती जागा गेमने कंपासवर, नकाशावर किंवा डोळ्यांसमोर तरंगणाऱ्या बाणाने दाखवणं. खेळाडूची भटकंती म्हणजे कुठे जायचं हेच मुळात खेळाडूने ठरवणं. बाण पुसला म्हणून भटकंती आपोआप सुरू होत नाही. बाण आहे म्हणून ती संपते असंही नाही.

बाण नसलेला गेम म्हटलं की २००२ सालचा ‘मॉरोविंड’ आठवतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू. तुम्ही कैदी म्हणून सेडा नीन नावाच्या दलदलीकाठच्या गावात जहाजातून उतरता. सरकारी कचेरीत नावनोंदणी होते, हातात एक पुडकं आणि एक चिठ्ठी पडते. चिठ्ठीत एवढंच, की बालमोरा शहरात जा, साउथ वॉल नावाच्या गुत्त्यात केयस कोसाडेसची चौकशी कर. नकाशावर खूण नाही, बाण नाही. गावाबाहेर सिल्ट स्ट्रायडर नावाचा अवाढव्य किडा उभा असतो. त्याच्या पाठीवर बसून, भाडं मोजून थेट बालमोरा गाठता येतं. नाहीतर पायी निघायचं.

पायी निघालात तर गाव मागे पडल्यावर थोड्याच वेळात एक किंकाळी ऐकू येते आणि आभाळातून एक माणूस तुमच्यासमोर आपटून मरतो. त्याचं नाव तारहिएल. त्याच्या अंगावर एक टिपणवही आणि तीन मंत्रलिखित गुंडाळ्या सापडतात. गुंडाळी वाचली की सात सेकंदांसाठी उडी मारण्याचं कौशल्य तब्बल १००० गुणांनी वाढतं. तुम्ही उडी मारता, अख्खा मुलूख पायाखालून सरकतो, आणि जमिनीवर येताना तुमचंही तारहिएलसारखंच होतं. टेकण्याआधी दुसरी गुंडाळी वाचायची, हे ज्याला सुचलं तो वाचला. हे सगळं करायला तुम्हाला कोणीही सांगितलेलं नसतं.

पहिल्या अर्ध्या तासातले हे दोन प्रसंग एकाच जातीचे वाटतात, कारण दोन्हीकडे बाण नाही. पण चिठ्ठीचा प्रसंग भटकंतीचा नाहीच. कुठे जायचं ते वरून ठरलेलं आहे, तुम्हाला फक्त वाट काढायची आहे. अनोळखी गावात पारावरच्या माणसाला पत्ता विचारत जावं तसं. तारहिएलचा प्रसंग मात्र पूर्ण तुमचा. तिकडे वळलात ते तुमच्या कुतूहलापोटी. मॉरोविंडची थोरवी सांगताना लोक बहुतेक वेळा पहिल्या प्रकाराबद्दल बोलतात आणि नाव दुसऱ्याचं घेतात. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, तो असा: वाट शोधायची म्हणून मान वर ठेवून चालणाऱ्याला रस्त्यावरची पाटी दिसते, ओढा दिसतो, पडकी भिंत दिसते. जे दिसतं त्यातूनच वाट सोडायची इच्छा होते. कंपासवरच्या ठिपक्याकडे बघत चालणाऱ्याची नजर पडद्याच्या कडेला असते.

त्यासाठी मॉरोविंडने किंमतही मोजायला लावली. सांगितलेले पत्ते बऱ्याच ठिकाणी मोघम होते. सुरुवातीची नोंदवही तर तारखेवार डायरी होती, दहा कामं एकत्र घेतली की कुठली ओळ कशाची ते शोधत पानं उलटायची. त्याच वर्षी आलेल्या ‘ट्रायब्युनल’ या पुरवणीने कामांप्रमाणे नोंदी बघायची सोय केली. जुन्या गेमच्या प्रेमात ही दगदग विसरू नये.

मग २००६ साली त्याच मालिकेतला ‘ऑब्लिव्हियन’ आला आणि कंपासवर बाण आला. तो आळशी खेळाडूंसाठी आणला असं म्हणणं मला पटत नाही. मॉरोविंडमधली माणसं बहुतांशी आपापल्या जागी उभी असायची, म्हणून ‘अमुक गुत्त्यात विचार’ हा पत्ता पुरायचा. ऑब्लिव्हियनमधल्या माणसांना दिनक्रम मिळाला. ती सकाळी दुकानात, संध्याकाळी गुत्त्यावर, रात्री घरी, कधी दुसऱ्या गावाला. ज्याला शोधायचं तोच हिंडता झाल्यावर पत्ता सांगणार कसा? शिवाय सगळे संवाद आता आवाजात रेकॉर्ड केलेले होते. छापील मजकुरात ‘पूल ओलांड, मग डावीकडचा चढ’ असं चार ओळी लिहिणं स्वस्त. तेच बोलून घ्यायचं तर महाग, आणि ऐकून लक्षात ठेवायचं तर अवघड. बाण ही त्या अडचणीवरची सोय होती.

खरं नुकसान पुढे झालं. बाण आहे म्हटल्यावर पत्ता सांगायची गरजच उरली नाही, म्हणून तो लिहिणंच कमी झालं. त्याच मालिकेतल्या २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये बाण बंद करून पाहा. नोंदवहीत अनेक कामांना एवढीच ओळ असते, की अमुक वस्तू अमुक ठिकाणाहून आण. ते ठिकाण कोणत्या दिशेला, वाटेत काय लागतं, कोणाला विचारायचं, काही नाही. गेममध्ये ‘क्लेअरव्हॉयन्स’ नावाचा एक मंत्र आहे, तो जमिनीवर धुरकट वाट काढून दाखवतो. तीही मार्करचीच दुसरी तऱ्हा, फक्त मंत्रशक्ती खर्चून मिळणारी. म्हणून मी म्हणतो, मार्कर बंद करायचा सल्ला प्रत्येक गेमला लागू नाही. ज्या जगात पत्ता लिहिलेलाच नाही, तिथे बाण पुसला तर हाती भटकंती नाही, चाचपडणं येतं.

स्कायरिमवर सरसकट शिक्का मात्र मारू नये. रिव्हरवुड गावातल्या दुकानदाराचा सोन्याचा पंजा चोरीला जातो. तुम्ही तो आणायचं कबूल केलंत की त्याची बहीण कॅमिला गावातून चालत तुम्हाला पुलापर्यंत सोडते आणि डोंगरावरची वाट दाखवते. वर नजर टाकली की ब्लीक फॉल्स बॅरोच्या दगडी कमानी दिसतात. बाण बंद असला तरी हे काम अडत नाही. आत गेल्यावर तीन फिरत्या कड्यांचं दार लागतं. बाण तुम्हाला त्या दारापाशी आणून उभा करतो आणि तिथेच त्याचं काम संपतं. कडी कशी लावायची याचं उत्तर पंजाच्या तळव्यावर कोरलेलं आहे: अस्वल, पतंग, घुबड. सामानातून पंजा काढून, फिरवून, निरखून पाहणाऱ्यालाच ते कळतं. बाण चालू आणि शोधही चालू, दोन्ही एकाच खोलीत.

गोंधळ सगळ्यात जास्त होतो तो वेष बदललेल्या मार्करमुळे. २०२० चा ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हा पूर्ण रोलप्लेइंग गेम नव्हे, पण मुद्द्याला अगदी चपखल आहे. १२७४ मधल्या मंगोल स्वारीच्या वेळचं जपानचं त्सुशिमा बेट. पडद्यावर ना कंपास, ना बाण. कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट वर सरकवलं की वारा सुटतो, गवत वाकतं, पानं उडतात, आणि जिकडे वारा तिकडे तुमचं ठिकाण. इतकं देखणं, की आपण भटकतोय असंच वाटतं. पण तो वारा म्हणजे बाणच आहे. गेमने दिलेल्या कामाकडे वाहिला तर तो गेमचा. मात्र नकाशावर तुम्ही स्वतः खूण केलीत तर तोच वारा तुमच्या खुणेकडे वाहतो. तेव्हा वारा तोच राहतो, गवत तेच वाकतं, भटकंती मात्र तुमची होते. माझ्या लेखी फरक इथे आहे: खूण दिसते की नाही यापेक्षा ती कोणी केली याला महत्त्व जास्त.

२०१८ च्या ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ने दोन पर्याय दिले, मार्गदर्शित आणि शोधाचा. शोधाच्या पर्यायात काम देणारा माणूस नुसत्या खुणा सांगतो: अमुक प्रांतात, तमक्या ठिकाणाच्या पूर्वेला. जवळ पोचल्यावर आपला गरुड उडवून नेमकी जागा हेरायची. पर्याय चांगला आहे, मी तोच निवडतो. पण तो मॉरोविंडच्या चिठ्ठीच्या कुळातला. वाट काढणं परत आलं, मुक्काम मात्र दिलेलाच.

मुक्कामही खेळाडूवर सोडायचा तर काय करावं लागतं, ते २०१७ च्या ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये पाहावं. त्यात मुख्य कथेला मार्कर आहे, हे लोक विसरतात. सुरुवातीच्या पठारावर एक म्हातारा तुम्हाला सांगतो, उंचावरून दुर्बिणीने उरलेली तीन मंदिरं शोध आणि तूच त्यांवर खुणा कर. गेमचा पहिला मोठा धडा हाच आहे. पुढे बुरुजावर चढलात की नकाशाचा तेवढा भाग उघडतो, पण त्यावर डोंगर, नद्या, वाटा एवढंच येतं. इतर अनेक गेममध्ये बुरुजावर चढताच नकाशावर चिन्हांचा सडा पडतो आणि पुढचे दहा तास ती चिन्हं खोडण्यात जातात. इथे बुरुजावर उभं राहून चारी दिशांना तुम्हालाच बघावं लागतं. एकूण १२० मंदिरं आहेत, त्यातलं कुठलं आधी, हे बहुतेक वेळा टेकडीआडून दिसलेल्या एखाद्या उजेडावर ठरतं.

२०२२ चा ‘एल्डन रिंग’ त्याच वाटेने आणखी पुढे गेला. विसाव्याच्या जागांमधून सोनेरी किरण निघतो, तो दिशा सांगतो, जागा नाही. सुरुवातीला तो स्टॉर्मव्हेल किल्ल्याकडे नेतो, तिथे मार्गिट नावाचा बलाढ्य शत्रू वाट अडवतो आणि नवख्याला धूळ चारतो. मग माणूस किरण सोडून दक्षिणेला वळतो आणि तिथून गेम खरा उलगडतो. तळ्याकाठच्या जळक्या अवशेषांत तळघर आहे, त्यात एक पेटी. उघडली की धुरात गुंडाळून तुम्ही थेट केलिडच्या एका स्फटिकाच्या खाणीत, दुसऱ्याच मुलखात, तुमच्या ताकदीपलीकडच्या शत्रूंमध्ये जाऊन पडता. ज्याला ती पेटी कोणी दाखवली नाही, त्याला हा प्रसंग जन्मभर आठवतो. उलट बाजूही सांगायला हवी. इथे नोंदवही नाही, त्यामुळे भेटलेली पात्रं पुन्हा सापडता सापडत नसत. मार्च २०२२ च्या १.०३ अपडेटने अशा पात्रांच्या खुणा नकाशावर आणल्या. तुम्ही एकदा भेटलेल्या माणसाची खूण गेमने जपून ठेवली तर त्यात शोधाचं काही हरवत नाही.

बाणाच्या बाजूने मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. माझा आतेभाऊ मराठी शाळेत आठवीत असताना स्कायरिम खेळायचा. इंग्रजी वाचन जेमतेम. मॉरोविंडची चिठ्ठी त्याच्या हातात दिली असती तर पहिल्याच संध्याकाळी तो उठून गेला असता. बाणाने त्याला त्या जगात चालतं ठेवलं. आणि तो बाणाच्या मागे मुळीच जात नसे. व्हाइटरनच्या माळावर त्याला राक्षसांचा तळ दिसला, हत्तींसारखे मॅमथ दिसले. काम बाजूला टाकून तो तिकडे धावला, राक्षसाच्या एका सोट्याने आभाळात उडाला, आणि ताकद वाढवून दोन आठवड्यांनी परत गेला. कंपासवरचा बाण या सगळ्या वेळात दुसऱ्याच दिशेला होता. भाषा परकी असणाऱ्यांना, दिवसाकाठी जेमतेम तासभर मिळणाऱ्यांना बाण हवाच. मला फक्त एवढं हवंय, की तो असला तरी काम देणाऱ्याच्या तोंडी पत्ताही असावा, म्हणजे बंद करणाऱ्यालाही खेळता यावं.

हाच आतेभाऊ आता नोकरी करतो आणि रात्री एल्डन रिंग खेळतो. त्यात नकाशावर पाच जागी उजेडाचे खांब उभे करता येतात. परवा त्याने आपल्या नकाशाचा फोटो पाठवला, पाचही खांब लावलेले. एक अगदी कड्याच्या टोकाला होता. तिथे काय आहे, मी विचारलं. तो म्हणाला, ‘माहीत नाही. खालून काहीतरी हलताना दिसलं होतं, उद्या जाऊन बघतो.’