कोरफड दाराशी, घायपात कुंपणाला

कमी पाण्याचा वाफा करायचा ठरला की नर्सरीतून हमखास येतात ती दोन रोपं म्हणजे कोरफड आणि घायपात. वीतभर असताना दोन्हींची पानं जाड, करडी-हिरवी, कडेला काटे, सगळी बुडाशी गोळा झालेली. माझ्या आत्याने एकदा हात भाजला म्हणून कुंडीतलं पान चिरून त्याचा रस चोळला. पान निघालं घायपाताचं. मनगटापर्यंत लाल पुरळ उठलं, रात्रभर खाज थांबेना. रोप देणाऱ्याने ते कोरफड म्हणूनच दिलं होतं. तेव्हापासून मी पान हातात धरून पाहिल्याशिवाय रोप घेत नाही.

कोरफडीचं पान दाबलं तर लवतं, कडेचे काटे बोथट असतात. घायपाताचं पान ताठ, आणि टोकाला दाभणासारखा काळपट काटा. आणखी एक खूण मला फार आवडते. घायपाताची कोवळी पानं गाभ्यात एकमेकांना घट्ट चिकटून वाढतात, त्यामुळे उमललेल्या पानावर शेजारच्या पानाच्या काट्यांचे ठसे उमटलेले दिसतात. कोरफडीवर असे ठसे नसतात.

तरीही शंका असेल तर पान आडवं कापा. कोरफडीतून आधी पिवळा, कडू चीक गळतो (तोच वाळवला की काळा बोळ) आणि आत पारदर्शक गर असतो. घायपातात मात्र धागेच धागे. गावाकडे याला केकताड म्हणतात. पानं पाण्यात कुजवून, बडवून त्याचा वाख काढायचे आणि त्या वाखाची दावी, कासरे वळायचे. त्याच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, कातडीला खाज सुटते ती त्यांच्यामुळे.

दिसायला इतकी सारखी असूनही ही दोघं जवळची नातेवाईक नाहीत. कोरफड मूळची अरबस्तानातली, घायपात मेक्सिकोकडचं आणि शतावरीच्या कुळातलं. पाणी वाचवण्याची युक्ती मात्र दोघांनी वेगवेगळ्या खंडांत राहून एकच काढली: पानांवरची रंध्रं दिवसा मिटायची आणि रात्रीच्या गारव्यात उघडून हवा आत घ्यायची.

वाफा आखताना खरा फरक पडतो तो आकाराचा. कोरफड दोन-अडीच फुटांवर थांबते. मी ती स्वयंपाकघराच्या दाराशी लावते, दुपारी भिंतीची सावली पडेल अशी, कारण एप्रिल-मेच्या उन्हात पानं तांबूस पडून आक्रसतात. उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी तांब्याभर पाणी तिला पुरतं. घायपाताचा घेर सहा फुटांवर सहज जातो. ते कुंपणाला, पायवाटेपासून लांब, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीचा विचार करून लावावं. माण-खटावसारख्या कमी पावसाच्या भागातही एकदा मूळ धरलं की त्याला वरून पाणी लागत नाही.

माती दोघांना एकच चालते आणि इथे मी अजिबात तडजोड करत नाही. काळ्या मातीत पावसाळ्याचं पाणी साचतं आणि मुळं कुजतात. वाळवंटी झाडं आपल्याकडे उन्हापेक्षा जुलैतच जास्त मरतात. मुरूम, जाड वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत मिसळून फूटभर उंच, उताराचा ढीग करा आणि झाडं त्यावर लावा. पागोळ्यांखाली तर कोरफड कधीच लावू नका.

फुलोऱ्याचं गणितही वेगळं. कोरफड मोठी झाली की दरवर्षी पिवळ्या फुलांचा दांडा काढते. घायपात दहा, वीस, कधी तीस वर्षं थांबतं, मग पंचवीसेक फुटांचा दांडा उभा करतं आणि तो वाळला की स्वतः मरतं. म्हणून त्याच्या डोक्यावरून विजेची तार जात नाही ना, हे लावतानाच बघा. बुडाशी फुटलेली पिल्लं दोन-तीन वर्षांची असतानाच जाड हातमोजे घालून काढून घ्या. पुढे ती मोठी होऊन एकमेकांत अडकतात आणि मधे हात घालायला जागा उरत नाही.