कोरड्या गवताळ प्रदेशांत झुडपे कशी माजली

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या होर्नादा भागात १८५८ साली जमिनीची मोजणी करणाऱ्यांनी जिथे चांगले गवत असल्याचे नोंदवून ठेवले होते, तिथल्या मोठ्या क्षेत्रावर शंभर वर्षांनंतर मेस्किट आणि क्रिओसोट ही झुडपे माजलेली आढळली. आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातील कोरड्या गवताळ प्रदेशांतही असाच बदल होत गेला.

त्याचे पहिले वजनदार स्पष्टीकरण पाण्याच्या वाटणीचे होते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिश वाल्टर यांनी १९३९ मध्ये, आजच्या नामिबियातील निरीक्षणांच्या आधारे, असे मांडले की गवत मातीच्या वरच्या थरातील ओल घेते, झाडे मात्र खालच्या थरातलीही घेऊ शकतात. त्यामुळे अतिचराईने गवत संपले की न वापरलेले पाणी खाली झिरपून झाडांना मिळते. मोठ्या झाडांपुरते हे बरेचसे पटते. ॲरिझोनातील एका उघड्या खाणीत तर मेस्किटचे मूळ ५३ मीटर खोलीवर सापडले होते. पण नुकत्याच रुजलेल्या रोपाचे मूळ जेमतेम बोटभर असते आणि ते गवताच्याच थरात, त्याच ओलीसाठी झगडत असते. पहिला कोरडा हंगाम निभावण्याचा हा टप्पा त्या मांडणीतून निसटला, आणि माझ्या मते प्रश्नाचे मर्म तिथेच आहे.

गुरे या टप्प्यावर रोपाला अनेक अंगांनी मदत करतात. मेस्किटच्या गोड शेंगा ती आवडीने खातात, कठीण कवचाच्या पुष्कळशा बिया न पचता शेणातून दूरवर जाऊन पडतात, आणि भोवतीचे गवत खुरटलेले असल्यामुळे रोपाला स्पर्धा कमी होते. शिवाय गवत विरळ झाले की वणव्याला इंधन उरत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून वेगवेगळ्या अंतराने जाळलेल्या आणि मुद्दाम न जाळलेल्या जमिनींची तुलना चालू आहे. तिथे आगीमुळे झाडांच्या संख्येपेक्षा त्यांच्या उंचीवर अधिक परिणाम झालेला दिसला. खोड जळते, बुंध्यापासून नवे धुमारे फुटतात आणि पुढच्या वणव्यात तेही जळतात. पुढची आग लागायला उशीर झाला, की हेच धुमारे ज्वाळांच्या आवाक्याबाहेर वाढतात. हवेतील वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे ही वाढ अधिक वेगाने होते, असा विचार २००० च्या सुमारास पुढे आला.

आफ्रिकेतील शेकडो ठिकाणांच्या २००५ मधील अभ्यासाने या कारणांची हद्द बरीच स्पष्ट केली: वर्षाला साधारण ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तिथे झाडांची कमाल दाटी पाणीच ठरवते, आणि त्याहून अधिक पावसाच्या प्रदेशात त्या दाटीला आग आणि जनावरे रोखून धरतात.