जर्मनीची मोठी शहरं आणि बॉन-बर्लिनचं न संपलेलं प्रकरण

पुण्या-मुंबईची पोरं शिकायला नाहीतर नोकरीला जर्मनीला निघाली की सगळ्यात आधी लोकसंख्येची यादी बघतात. बर्लिन ३६-३७ लाख, हॅम्बुर्ग १८-१९ लाख, म्युनिक १५ लाख, कोलोन १० लाखांच्या थोडं वर, फ्रँकफर्ट साडेसात लाखांच्या आसपास. आकडे बरोबर आहेत, पण त्यांच्यावरून शहर कळत नाही, कारण यातलं कुठलं शहर किती मोठं हे बऱ्याचदा सरकारी निर्णयांनी ठरलंय.

१८७१ आधी एक जर्मनी नव्हताच, होती ती संस्थानं आणि स्वतंत्र शहरं, प्रत्येकाचा आपला दरबार, आपलं नाट्यगृह, आपले व्यापारी, त्यामुळे सगळं एकट्याने गिळणारं पॅरिस तिथे तयार झालं नाही. १९२० मध्ये प्रशियाच्या, म्हणजे बर्लिन ज्यात होतं त्या राज्याच्या, सभागृहात थोडक्या मतांनी कायदा झाला आणि आजूबाजूची ७ शहरं, ५९ गावं आणि २७ जहागिऱ्या बर्लिनमध्ये आल्या, लोकसंख्या १९ लाखांवरून थेट ३८ लाखांवर. हॅम्बुर्गचंही तसंच, १९३७ मध्ये आल्टोना, वांड्सबेक, हारबुर्ग त्यात घातले. कोलोनने १९७५ मध्ये शेजारचं वेसेलिंग जोडून दहा लाखांचा टप्पा गाठला, वेसेलिंगवाले कोर्टात गेले, १९७६ मध्ये सुटले, आणि कोलोनला परत दहा लाख व्हायला २०१० उजाडलं. आणि डॉर्टमुंड, एसेन, डुइसबुर्ग, बोखुम धरून रुरचा जो सलग पट्टा आहे तो ५० लाखांच्या वर जातो, म्हणजे बर्लिनपेक्षा मोठा, पण ५३ वेगवेगळ्या नगरपालिका असल्याने यादीत पहिल्या नंबरवर तो कधी दिसणार नाही.

युद्धानंतर बर्लिन वाटलं गेलं आणि तिथल्या बड्या कंपन्या निघाल्या. बर्लिनमध्ये वाढलेली इलेक्ट्रिकल सामानाची सगळ्यात मोठी कंपनी म्युनिकला गेली, एक मोठी विमा कंपनीही तिकडेच, बँकांचा कारभार फ्रँकफर्टला एकवटला. आज म्युनिकचे पगार आणि भाडी ऐकून डोळे फिरतात, त्याची एक मोठी मुळी इथे आहे.

राजधानीचा प्रश्न मात्र नीट समजून घ्यायला हवा. १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीला सरकार बसवायला जागा पाहिजे होती. फ्रँकफर्ट तयारच होतं, सभागृहाची गोल इमारतसुद्धा बांधून ठेवलेली, पण मे महिन्यात राज्यघटना बनवणाऱ्या परिषदेत ३३ विरुद्ध २९ मतांनी बॉन हे छोटं शहर जिंकलं. फ्रँकफर्टसारखं मोठं शहर घेतलं असतं तर ते कायमचं झालं असतं आणि बर्लिनवरचा हक्क सोडल्यासारखं दिसलं असतं, हा त्यातला मोठा मुद्दा. फ्रँकफर्टची ती इमारत शेवटी रेडिओवाल्यांना मिळाली.

मग १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाले. करारात लिहिलं, राजधानी बर्लिन, पण संसद आणि सरकार कुठे बसणार ते नंतर बघू. हे 'नंतर' आलं २० जून १९९१ ला. बॉनच्या जुन्या पाणीपुरवठा केंद्राच्या इमारतीत संसद भरली होती, जवळजवळ १२ तास चर्चा, शंभरावर भाषणं. बॉनवाल्यांचं म्हणणं अजिबात पोकळ नव्हतं, चाळीस वर्षं लोकशाही इथे नीट चालली, हलवाहलवीचा खर्च अफाट आणि तो पैसा पूर्वेला जास्त गरजेचा. बर्लिनवाले म्हणत होते की राजधानी परत तिथे नेऊ असा चाळीस वर्षं बर्लिनला दिलेला शब्द पाळायचा की नाही एवढंच ठरवा. काही महिन्यांपूर्वी गोळीबारात जखमी झालेले एक मंत्री व्हीलचेअरवरून बर्लिनच्या बाजूने बोलले आणि त्या भाषणाने बरीच मतं फिरली असं आजही मानतात. निकाल ३३८ विरुद्ध ३२०. दहा जण इकडचे तिकडे झाले असते तर गोष्ट उलटी. दोन्ही मोठ्या पक्षांच्या खासदारांत बॉनला जास्त मतं होती, बर्लिनला तारलं ते छोट्या पक्षांनी.

मला निर्णय बरोबर वाटतो, पण तो अर्धवट अमलात आणला असंही वाटतं. १९९४ च्या कायद्याने मंत्रालयांतल्या बहुतेक नोकऱ्या बॉनलाच ठेवायच्या असं ठरलं, वर भरपाई म्हणून जवळपास २८१ कोटी मार्क दिले. १९९९ मध्ये संसद बर्लिनला गेली तरी सहा मंत्रालयांचं मुख्य ऑफिस कागदोपत्री बॉनलाच राहिलं आणि अधिकाऱ्यांच्या विमानाच्या फेऱ्या सुरू राहिल्या. बॉन काही ओस पडलं नाही, संयुक्त राष्ट्रांची ऑफिसं आली, लोकसंख्या उलट वाढली.

खरा फटका पूर्वेला बसला. लाइप्झिग १९३० च्या दशकात सात लाखांच्या वरचं शहर, १९८९ च्या ऑक्टोबरात तिथले सत्तर हजार लोक पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले म्हणून पुढचं सगळं घडलं, आणि कारखाने बंद पडून १९९८ पर्यंत ते साडेचार लाखांच्या खाली घसरलं. आता परत सहा लाखांवर आलंय आणि स्वस्त घरांमुळे विद्यार्थी तिकडे वळतात.

बर्लिनचंही सरकार आलं म्हणून लगेच भलं झालं नाही. दोन्ही बाजूंचे कारखाने गेले, शहर कर्जात बुडालं, आणि २००४ मध्ये पालिकेच्या मालकीची सुमारे ६५ हजार घरं एका फटक्यात विकली गेली. लोक वाढायला लागले तसं ते अंगाशी आलं. २०२० मध्ये भाड्यावर मर्यादा आणली, २०२१ च्या एप्रिलमध्ये कोर्टाने ती रद्द केली, सप्टेंबरमध्ये बड्या घरमालक कंपन्यांची घरं सरकारने ताब्यात घ्यावीत या बाजूने ५६ टक्क्यांहून जास्त मतदान झालं. अंमलबजावणी अजून अडकलेलीच आहे, आणि बर्लिनला खोली शोधणाऱ्या आपल्या पोरांना व्ह्यूइंगला जी भलीमोठी रांग लागलेली दिसते तिचं एक टोक त्या २००४ च्या विक्रीत आहे.