साखळीशिवाय चढणारा रोलर कोस्टर

रोलर कोस्टर पहिला चढ चढू लागला की खालून टक-टक-टक असा आवाज येतो. रुळांच्या मधोमध एक दातेरी पट्टी बसवलेली असते आणि गाडीखालची खुंटी तिच्या एकेका दात्यात पडत जाते. ओढणारी साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये, यासाठीची ही सोय. जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याने १९१० मध्ये तिचं पेटंट घेतलं. मुलं, आई-बाबा, आजी-आजोबा सगळ्यांनी एकत्र बसावं म्हणून जे पॉवर्ड कोस्टर बांधले जातात, त्यांत ओढणारी साखळीच नसते. मोटर गाडीतच बसवलेली असते, आणि या एका बदलामुळे कोस्टरचं सगळं गणित पालटतं.

नेहमीच्या कोस्टरला फक्त एकदाच ऊर्जा मिळते. साखळी गाडीला वर नेते आणि सोडून देते, पुढचं सगळं गुरुत्वाकर्षणावर. २० मीटर उंचीवरून सुटलेली गाडी तळाशी, घर्षण सोडून दिलं तर, ताशी ७१ किलोमीटरच्या आसपास पोचते. ६ टनांची भरलेली गाडी एवढी उंच न्यायला ऊर्जा किती लागते? विजेच्या बिलावरच्या एका युनिटचा जेमतेम तिसरा हिस्सा! (यंत्रातली गळती धरली तर थोडी जास्त.) पण मिळालेली ही शिदोरी चाकांच्या घर्षणात आणि हवेच्या विरोधात सतत संपत जाते. म्हणून पुढची प्रत्येक टेकडी पहिल्या चढाच्या उंचीपेक्षा बुटकीच ठेवावी लागते. सगळ्यात उंच जागा सुरुवातीलाच आणि सगळ्यात जास्त वेग तिच्या पायथ्याशी, यातून आरेखन करणाऱ्याची सुटका नसते.

पॉवर्ड कोस्टर आपल्या लोकलसारखा चालतो. लोकलला वेगळं इंजिन नसतं. काही डब्यांखाली मोटरी असतात आणि वीज वाटेतूनच मिळत राहते. कोस्टरवर डोक्यावर तार ताणणं अवघड, त्यामुळे रुळांलगत विजेच्या पट्ट्या बसवतात आणि गाडीखालचे सरकते संपर्क त्यांना घासत जातात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत ज्यांनी ओव्हरहेड क्रेन चालवली आहे, त्यांना बसबार (विजेची पट्टी) आणि कलेक्टर शू (तिला घासत जाणारा संपर्क) ही जोडी समजावून सांगायला नको. इथेही तीच आहे.

हिशेब करून पाहू. तीच ६ टनांची गाडी, ४ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर जाणारा चढ आणि ताशी १८ किलोमीटर वेग धरला, तर सुमारे ७० किलोवॉट शक्ती लागते. ती अनेक मोटरींत वाटून देता येते. गाडी मुद्दाम लांबलचक ठेवली तर आणखी एक फायदा होतो. पुढचे डबे टेकडी ओलांडून उतरायला लागलेले असतात तेव्हा मागचे अजून चढत असतात, आणि उतरणारे डबे चढणाऱ्यांना ओढून घेतात. उतारावर गाडी पळू लागली, तर त्याच मोटरी तिला मागे खेचून वेग आवरू शकतात.

म्हणजे कुठे किती वेग हवा, हे आता उंची ठरवत नाही, माणूस ठरवतो. कुटुंबासाठीच्या राइडमध्ये याचं मोल फार मोठं आहे. वळणावर शरीराला जाणवणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट. १० मीटर त्रिज्येच्या खळग्यातून ताशी ३६ किलोमीटरने गेलं, तर तळाशी आपलं वजन जवळजवळ दुप्पट भासतं. ताशी २५ ने गेलं तर दीडपट. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक, त्यामुळे हा फरक नुसता कागदावरचा नाही. दाराशी वय न विचारता उंची मोजतात, तीही मांड्यांवर येणारा दांडा मुलाला नीट धरून ठेवेल की नाही, हे कळावं म्हणून. नाइलाजाने नियम पाळणाऱ्या पालकांना हे कुणीतरी दाराशीच समजावून सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

उंच मनोरा नको, त्यामुळे पायाही हलका आणि जागाही कमी लागते. मोठ्या कोस्टरसाठी आज ठाणेकर खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कची वाट धरतात. नेरुळच्या वंडर्स पार्कसारख्या शहरातल्या उद्यानांचा विचार करताना मला हाच प्रकार आपल्याला जास्त योग्य वाटतो.

अडचण आहे ती पावसाची. साखळीने ओढलेल्या गाडीची चाकं नुसती फिरतात, मोटरने चालणाऱ्या गाडीच्या चाकांना मात्र रूळ धरून ठेवावा लागतो. पोलादावर पोलादाची पकड मुळातच कमी. कसाऱ्यापुढच्या थळ घाटात ३७ मीटरला १ मीटर एवढाच चढ आहे, तरी तिथे अनेक गाड्यांना मागून ढकलणारी जादा बँकर इंजिनं लावावी लागतात. कोस्टर याच्या कितीतरी पट तीव्र चढ चढतो, तो चाकांवर असलेल्या पॉलियुरेथेनसारख्या आवरणाच्या जोरावर. रूळ ओला झाला की ही पकड घटते. शिवाय खाडीकाठच्या खारट, दमट हवेत विजेच्या पट्ट्या आणि संपर्क लवकर गंजतात. तेव्हा अशी राइड इकडे उभारायची तर पावसाळ्यातली देखभाल, बंद ठेवण्याचे नियम आणि वर निवाऱ्याचं छप्पर यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे. तिकीटविक्री सुरू झाल्यावर तो सुचून उपयोग नाही.

अशा राइडमध्ये बसलात तर एक गोष्ट जरूर पाहा. साखळीचा कोस्टर बहुधा एक फेरी मारून थांबतो, कारण एका चढाची ऊर्जा तेवढीच पुरते. पॉवर्ड कोस्टर बहुधा न थांबता दुसरी फेरीही मारतो. पहिल्या फेरीत एखादं वळण मनाशी धरून ठेवा आणि दुसऱ्या फेरीत गाडी तिथून त्याच वेगाने जाते का ते बघा. वेग बदललेला जाणवला, तर तो कुणीतरी मुद्दाम बदललेला असेल. शेजारी बसलेल्या मुलाला ते आधी कळतं की तुम्हाला, हेही पाहा.