संस्थेचे स्वतःचे लेखन तालिकेत कसे आले

संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात पूर्वी दोन नोंदी वेगवेगळ्या चालत. विकत घेतलेल्या ग्रंथांची रीतसर तालिका (कॅटलॉग) असे. तिला नियम होते, वर्गांक होते, ७.५ बाय १२.५ सेंटिमीटरची कार्डे आणि ती खणातून निघू नयेत म्हणून खालच्या भोकातून ओवलेली सळई होती. संस्थेच्याच संशोधकांनी लिहिलेले लेख, अहवाल आणि परिषदांतील निबंध मात्र बहुधा वार्षिक अहवालाच्या शेवटच्या यादीत जात आणि तिथेच राहत.

ही फारकत निष्काळजीपणातून आलेली नव्हती. ग्रंथालयाची तालिका नियतकालिकाची नोंद करते, त्यातल्या प्रत्येक लेखाची नाही. १९६०च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्रम यांच्या पुढाकाराने संगणकाला वाचता येणारा ‘मार्क’ हा नोंदींचा आराखडा तयार झाला. त्यात १०० क्रमांकाच्या क्षेत्रात मुख्य लेखक आणि २४५ मध्ये शीर्षक येते. १९७१ मध्ये ओहायोतील ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेने सामायिक ऑनलाइन तालिकीकरण सुरू केले आणि एका ग्रंथालयाने केलेली नोंद इतरांना वापरता येऊ लागली. पण या सोयीचा फायदा अनेक ठिकाणी असणाऱ्या ग्रंथांना झाला. एकाच संस्थेत असलेल्या अंतर्गत अहवालाची नोंद बाहेरून कोण करून देणार?

वाट काढली ती भौतिकशास्त्राच्या ग्रंथालयांनी. लेख छापून येईपर्यंत थांबणे या शास्त्रज्ञांना परवडत नसे, म्हणून ते छपाईपूर्व प्रती एकमेकांना टपालाने पाठवत. त्या प्रतींची संगणकीय सूची ‘स्पायर्स’ या नावाने स्टॅनफर्डच्या कणत्वरक केंद्रात १९७४ पासून ठेवली जाऊ लागली. १९९१ मध्ये अशा प्रती संगणकावरून सर्वांना खुल्या करणारे ‘अर्काइव्ह’ (arXiv) हे भांडार सुरू झाले. पुढे साउथॅम्प्टन विद्यापीठाचे ईप्रिंट्स (२०००) आणि एमआयटी व ह्यूलेट-पॅकार्ड यांचे डीस्पेस (२००२) ही असे भांडार उभारण्याची सॉफ्टवेअरे आल्यावर कोणत्याही संस्थेला नोंद आणि पूर्ण मजकूर एकत्र ठेवणे शक्य झाले. २००१ च्या ओएआय-पीएमएच या संगणकांमधील देवाणघेवाणीच्या ठरावीक पद्धतीमुळे या विखुरलेल्या भांडारांतील वर्णने एका जागी गोळा करता येऊ लागली.

माझ्या मते खरी कसोटी मात्र तंत्राची नव्हती, ओळखीची होती. एकच काम आधी छपाईपूर्व प्रत म्हणून, मग परिषदेतील निबंध म्हणून आणि शेवटी नियतकालिकातील लेख म्हणून येते. लेखिकेचे नाव एकदा पूर्ण, एकदा नुसत्या आद्याक्षरांसह, तर लग्नानंतर वेगळ्याच आडनावाने छापलेले असते. हे सारे एकाच व्यक्तीचे आहे, हे ग्रंथपालाला आठवणीने जुळवावे लागे. लेखांना डीओआय हे कायमचे ओळख-क्रमांक २००० पासून मिळू लागले. संशोधकांना कायमचा क्रमांक देणारी ऑर्किड ही व्यवस्था २०१२ मध्ये आली. लेख ज्या अंकात आला त्याचा दुवा देणारे ७७३ हे क्षेत्र मार्कमध्ये आहेच, त्यामुळे आज संस्थेचा लेख तिच्या ग्रंथांशेजारी त्याच तालिकेत बसू शकतो. जुन्या वार्षिक अहवालांतील याद्या मात्र अजूनही कोणीतरी एकेक ओळ वाचून त्यात भरायच्या असतात.