एचपी जातात तो दम, एक्झॉशन येतं तो थकवा

फासे टाकून गोष्ट रचत जायच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचा आमचा रविवारचा गेम दादरला, चौथ्या मजल्यावर चालतो. मागच्या खेपेला लिफ्ट बंद होती. बार्बेरियन (रांगडा योद्धा) खेळणारा मित्र धापा टाकतच आत आला, घटाघटा पाणी प्यायला आणि पाच मिनिटांत बटाटेवड्यांवर तुटून पडला. आमची विझार्ड (जादूगार खेळणारी) मात्र आठवडाभर बदलापूर ते सीएसएमटी उभ्याने करते. लिफ्ट असो नसो, ती रविवारीही जांभया देत असते. त्याला दम लागला होता, हिला थकवा आहे. खेळात एचपी (हिट पॉइंट्स, मार सोसायची ताकद) आणि एक्झॉशन (साचलेला थकवा) यांची गल्लत नेमकी इथेच होते.

लढाईत एचपी ४० वरून ३ वर आले की नवा खेळाडू हमखास विचारतो, "मी पार थकलोय, आता डिसअॅडव्हांटेजने मारायचं ना?" (डिसअॅडव्हांटेज म्हणजे फासा दोनदा टाकून कमी आलेला आकडा धरायचा.) नाही. पाचव्या आवृत्तीत ३ एचपीवाला योद्धा ४० वाल्याइतक्याच जोरात तलवार चालवतो. एचपी म्हणजे नुसतं रक्तमांस नव्हे. चिवटपणा, जगायची इच्छा, नशीब, सगळं त्यात धरलेलं आहे. शिवाय लढाई वाटते तेवढी लांबतही नाही. एक राउंड ६ सेकंदांचा, म्हणजे १० राउंड घासून लढलात तरी मिनिटभरच झालं. मिनिटभरात माणूस दमतो, थकत नाही.

थकवा येतो तो चालून, उपाशी राहून, थंडीत कुडकुडून. दिवसाला ८ तासांची चाल माफ. त्यापुढच्या प्रत्येक तासाअखेर कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह, म्हणजे काटकपणावर फासा टाकून बचाव. नवव्या तासाला ११, दहाव्याला १२, असं लक्ष्य चढत जातं आणि चुकलात की एक्झॉशनची एक पायरी. २०१४ च्या नियमांत अशा ६ पायऱ्या आहेत: आधी अॅबिलिटी चेकवर (चढणं, शोधणं अशा कसोट्यांवर) डिसअॅडव्हांटेज, मग वेग निम्मा, मग हल्ले आणि सेव्हही डिसअॅडव्हांटेजने, चौथीला कमाल एचपी निम्मे, पाचवीला वेग शून्य, सहावीला मरण. लढून थेट थकवा येण्याचं ठळक उदाहरण म्हणजे त्याच नियमांतला बर्सर्कर, बार्बेरियनचाच एक प्रकार. फ्रेन्झी (बेभान मारा) वापरली की रेज (त्याचा संताप) उतरताना त्याला एक पायरी चिकटते. आमचा बार्बेरियन म्हणूनच ती चिल्लरीसारखी जपून वापरतो.

भरपाईतही असाच फरक. लाँग रेस्ट (८ तासांची विश्रांती) घेतली की एचपी पूर्ण भरतात, पायरी मात्र एकच उतरते; तीही, २०१४ च्या नियमांत, पोटात अन्नपाणी गेलं असेल तर. क्युअर वूंड्स हा जखमा भरणारा मंत्र थकव्याला लागू पडत नाही. ग्रेटर रेस्टोरेशन हा मोठा मंत्र लागतो, आणि त्याला दर वेळी १०० सोन्याच्या नाण्यांची हिऱ्याची पूड.

खरा वाद चौथ्या पायरीवर झाला. विझार्डचे कमाल एचपी ४४, निम्मे झाले २२. ती जेवली, ८ तास झोपली. उठल्यावर एचपी किती? पायरी उतरणं आणि एचपी भरणं, दोन्ही विश्रांती पुरी झाल्यावर. आधी एचपी भरले तर ते २२ वर अडकतात आणि मग नुसती मर्यादा ४४ होते. आधी पायरी उतरली तर थेट ४४. क्रम नियमात लिहिलेला नाही. खेळ चालवणं माझ्याकडे, म्हणून मी ४४ दिले. तिसऱ्या पायरीवरची विझार्ड तशीही हल्ला आणि सेव्ह दोन्हीकडे मार खाते. वर एचपीही अर्धे ठेवणं म्हणजे रविवार फुकट घालवणं.

२०२४ च्या सुधारित नियमपुस्तकात हा वादच मिटला. आता प्रत्येक पायरीला वीस बाजूंच्या फाशावरच्या प्रत्येक टेस्टमधून २ वजा आणि वेगातून ५ फूट वजा. सहावीला मरण कायम. कमाल एचपीला कोणी हात लावत नाही. हिशोब सोपा झाला, पण पाचव्या पायरीची ती खिळून गेल्याची धास्ती गेली, याची मला हळहळ वाटते. ३.५ या आधीच्या आवृत्तीवरून आलेल्या जुन्या खेळाडूंचा घोळ तिसराच: तिथे फटीग्ड (थकलेला) आणि एक्झॉस्टेड (पार गळालेला) अशा दोनच अवस्था, स्ट्रेंग्थ-डेक्स्टेरिटीला (ताकद-चपळाईला) अनुक्रमे २ आणि ६ चा फटका. तासभर पूर्ण विश्रांती घेतली की एक्झॉस्टेडचा फटीग्ड होतो. ती सवय इथे आणू नका. पाचव्या आवृत्तीत शॉर्ट रेस्टने (तासाभराच्या विश्रांतीने) पायरी उतरत नाही.

आमच्या टेबलावर एचपी पेन्सिलीने लिहितात, कारण ते सारखे खोडावे लागतात. एक्झॉशनसाठी प्रत्येकासमोर चिंचोके मांडतो. परवा विझार्डसमोर तीन होते, आणि तिने झोपायच्या आधी बार्बेरियनकडे अर्धी भाकरी मागितली.